हजेरीतली नावं

शाळा सुटली तशी छबू श्रीरामपूरच्या तेलगिरणीवर धावली आणि वॉचमनपुढं भाकरीचं फडकं धरलं. "कानिफनाथ शेळक्यांना द्या. मी त्यांची लेक."

"कानिफनाथला संक्रांतीलाच काढलं की!" वॉचमन हसला. "रंगनाथला देऊ का?"

छबूचे डोळे विस्फारले. रंगनाथ म्हणजे तिचे चुलते, त्यांना वारून तीन वर्षं झालेली! तेवढ्यात आतून पेंडीनं माखलेले तिचे वडील, दादाच बाहेर आले. लिंबाखाली बसून भाकरी मोडता मोडता सांगू लागले, "सहा महिनं भरत आलं की मुकादम नाव काढतो, न्हाईतर पर्मनंट करावं लागंल. दुसरं नाव सांगितलं की तोच परत घेतो."

"पर काकांचंच कशाला?"

"परकं नाव ध्यानात ऱ्हात न्हाई. हजेरीला ओ दिली न्हाई, की त्या दिवशी घरी."

छबूला भलतीच गंमत वाटली. "आन् हे काढल्यावर?"

"तुझ्या आज्याचं हाय की."

"त्येच्यानंतर?"

"पणज्याचं."

"पणज्याचं नाव काय हुतं, दादा?"

तोंडाशी नेलेला घास दादांनी तसाच फडक्यावर ठेवला आणि ते नाव आठवू लागले.