सॅम्पलची वीस पानं

निघोजेच्या कंपनीत सादिका क्वालिटीला होती. ड्रॉइंग वाचल्याशिवाय तिनं कधी कुणाचा पार्ट पास केला नाही. स्वतःच्या कादंबरीच्या ई-बुकचा करार मात्र ती मोबाइलवर सरसर सरकवून ‘मान्य’ दाबून मोकळी झाली. आज चहाच्या सुट्टीत पहिला हिशेब आला: चाळीस प्रतींचे हजार जमा, ‘सॅम्पल-वाचना’चे चार हजार वजा. हबकून तिनं प्रकाशकाला फोन लावला. “मॅडम, सॅम्पलची वीस पानं वाचकाला फुकट, लेखकाला नाही,” तिकडची मुलगी गोडीत म्हणाली. “कुणी उघडली की दरवेळी पाच रुपये तुमचे कापतो. करारात आहे.” आठशे वेळा कुणी उघडली? शेजारी चहा पीत बसलेली असेंब्ली लाइनवरची मैत्रीण तिचा चेहरा बघून म्हणाली, “काळजी नको. तुझं पुस्तक यादीत वर यावं म्हणून आम्ही सगळ्या रोज सॅम्पल उघडतो. आता चाकण प्लांटच्या ग्रुपवरपण लिंक टाकलीय, बाराशे जण आहेत.”