लाल डोळा आणि लग्नाची हळद

नातीच्या लग्नाची हळद दळायला कृष्णाबाई हौसेनं जात्यापाशी बसल्या, पण जोडीनं खुंटा धरायला समोर कुणी येईना. डोळ्यावर वाढलेलं मांस काढल्यापासून त्यांचा डोळा लालभडक होता.

"डॉक्टर म्हणाले, नुसती सूज आहे, कुणाला लागायची नाही," त्या समजावत होत्या.

"तरी जाऊबाई, उद्या फोटो आहेत," धाकटी जाऊ लांबूनच म्हणाली.

कृष्णाबाई उठणार, एवढ्यात शाळेपासूनची मैत्रीण गोदू समोर बसली, डोळ्यांत रोखून बघत.

"शाळेत तुझे डोळे आले, तेव्हा गणिताचा पेपर चुकावा म्हणून अशीच बघत बसले होते. माझे मेले आलेच नाहीत. आता काय येतायत? धर खुंटा."

हसत कृष्णाबाईंनी ओवी धरली, तशी धाकटी जाऊही खुंट्याशी सरकली.

"डोळे मिटून धर हो," गोदू तिला म्हणाली, "उद्या फोटो आहेत."