नाकवाल्यांची सही

"एकदा पाय दाबला तर नाही, दोनदा दाबला तर हो. विसरू नका," फाटकातून आत शिरताना बायकोनं पुन्हा बजावलं.

"अगं, मी काय कुकुलं बाळ आहे?" तो म्हणाला खरा, पण चालता चालता मनातल्या मनात तेच घोकत राहिला.

या द्राक्षमळ्याच्या तळघरात त्यानं तीस वर्षं वाईन केली. तो निवृत्त झाला आणि त्याची जागा त्याच्या मुलीनं घेतली. तरी मालकीणबाईंचा नियम कायम होता. त्यानं चाखून हो म्हटल्याशिवाय वाईन बाटलीत जायची नाही. सगळा मळा त्याला 'नाकवाले' म्हणायचा.

आणि दोन महिन्यांपूर्वीच्या तापात नेमका त्याच नाकाचा निकाल लागला. वासच येईना. आंबट-गोड जिभेला कळायचं, पण वाईन काही नुसत्या जिभेनं कळत नाही. आज सकाळी गॅसवर दूध करपलं. तो पेपर वाचत होता, बायको शेजारी शेंगा सोलत होती, आणि सांगत आली कोण, तर पलीकडच्या घरातली बाई! दोघं एकमेकांकडे बघून हसली, झालं.

मुलीला सांगायची त्याची छाती होत नव्हती. तिचं हे पहिलंच वर्ष. बाबांच्या शब्दावर ती निर्धास्त होती, आणि चुकीचं पिंप निवडलं गेलं तर तिची वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती. शेवटी बायकोच म्हणाली, "मी आहे ना." त्याला तेवढं पुरलं. पूर्वी तो कामावरून आला की नुसत्या शर्टाच्या वासावरून ती सांगायची, आज कुठल्या पिंपाशी होता.

मळ्यातल्या बारमध्ये दुपारचं ऊन आलं होतं. लांबलचक लाकडी काउंटर, खिडकीबाहेर वेलींच्या रांगा, चार-दोन गिऱ्हाइकं.

"या, नाकवाले!" मालकीणबाई खुर्ची ओढत म्हणाल्या. "उद्या सकाळी बाटल्या भरायच्यात. तुमचं नाक म्हणजे आमची सही."

मुलीनं समोर तीन ग्लास ठेवले, तीन वेगवेगळ्या पिंपांतले. "बाबा, तुम्ही सांगाल तेच भरायचं. चाखून चाखून माझं डोकंच चालेनासं झालंय." एवढं बोलून ती काउंटरमागे गेली आणि कोरडेच ग्लास पुसत बसली.

"आधी हिला द्या," तो म्हणाला. "आमच्या घरात शेवटचा शब्द हिचाच."

मालकीणबाई खो खो हसल्या.

बायकोनं पहिल्या ग्लासातला घोट घेतला आणि तोंडात घोळवत समोर बघत राहिली. मग त्यानं ग्लास उचलला, गोल फिरवला, डोळे मिटून नाकाशी धरला. काही म्हणजे काही नाही. टेबलाखाली पाय एकदा दाबला गेला.

"या वाईनला घाई झालीय," तो गंभीरपणे म्हणाला. "पिंपात राहू दे अजून."

दुसऱ्या ग्लासाला बायकोनं बराच वेळ घेतला. मग दोनदा पाय दाबला, तोही असा की त्याची करंगळी कळवळली. तिसऱ्याला पुन्हा एकदाच.

"मधली," तो म्हणाला. "डोळे मिटून भरा."

मुलगी फडकं टाकून धावत आली आणि त्याच्या गळ्यातच पडली. "बाबा, मलाही तीच वाटत होती! पण माझा माझ्यावरच भरवसा नव्हता हो."

त्यानं आनंदानं तिची पाठ थोपटली. मालकीणबाईंनी सगळ्यांना मधल्या पिंपातली वाईन पाजली. त्यानंही ग्लासभर घेतली. चव धड कळली नाही, पण मजा आली.

घरी परतताना वेलींमधल्या वाटेवर त्यानं बायकोचा हात धरला. असा हात धरून बरीच वर्षं झाली होती.

"काय नाक आहे गं तुझं! आज तू होतीस म्हणून निभावलं. आता खरं सांग, कसला वास होता मधलीला?"

"मला काय ठाऊक?" ती आरामात चालत म्हणाली. "माझाही वास त्याच तापात गेलाय. मी आपली पोरीच्या तोंडाकडे बघून पाय दाबत होते."