वाकलेली चॅसी

“गाडी दुरुस्त होणार नाही, एवढंच सांगायचं,” तूबा म्हणाली. “बाकीचं मी बघते.”

उस्ताद यदुल्लाने साखरेचा खडा दातांत धरला आणि वरून चहाचा घोट घेतला. काशानच्या त्या गल्लीत त्याचं गॅरेज तीस वर्षं होतं. न बदललेला नट बदलला म्हणणार नाही, अशी त्याची ख्याती. तूबालाही ते ठाऊक होतं, म्हणून तर ती शब्द जुळवत जुळवत इथवर आली होती.

मोटरसायकल दोघांच्या मध्ये उभी होती. पुढचं चाक टरबुजाच्या फोडीसारखं वाकडं झालेलं, टाकीला खोल पोचा, दिव्याच्या जागी नुसत्या लोंबत्या वायरी. तीन आठवड्यांपूर्वी चौकात खरबुजांची पिकअप आडवी आली, आणि तूबाचा मुलगा साबेर गाडीसकट तिच्यावर जाऊन आदळला. गळपट्टीचं हाड मोडलं, हनुवटीला सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर. तूबाला नशिबाची परीक्षा दुसऱ्यांदा घ्यायची नव्हती. आता गल्लीतून कुणाचीही मोटरसायकल गेली तरी मागावर गालिचा विणताना तिची गाठ चुकत होती.

“मग त्यालाच का नाही सांगत, की बाबा रे, गाडीवर बसू नकोस?” उस्तादने विचारलं.

तूबाने अंगभर पांघरलेली चादर डोक्यावर पुढे ओढली. कसं सांगणार? साबेर अठरा वर्षांचा झाला तेव्हा तिने नुकता हातावेगळा झालेला गालिचा विकून ही गाडी घेतली होती. दोन वर्षांचं काम, एका लेकरासाठी. गाडी आली त्या दिवशी पोरगा रडला होता. आधी टायरच्या दुकानाच्या कॅलेंडरवर, मग तिच्या मागावर वाढत जाणाऱ्या डाळिंबी-निळ्या गालिच्यात, तो जागेपणी आणि झोपेत गाडीचंच चित्र बघत आलेला. आणि आता आईनेच म्हणायचं, दिलेलं परत दे? तो मान खाली घालून हो म्हणेल, आणि जन्मभर आतल्या आत कुढेल. त्यापेक्षा गाडीच मेली, असं होऊ दे. मेलेल्या गाडीवर कोण रुसणार?

उस्ताद काहीतरी बोलणार होता. मग त्याने पेल्यातला गाळ जमिनीवर ओतला आणि म्हणाला, “बघू.”

त्या ‘बघू’त होकार होता की नकार, हे तूबाला कळेना. तोवर साबेर आलाच. डावा हात गळ्यात बांधलेला, चालीत मात्र तोच उर्मटपणा. उस्तादला सलाम करून तो गाडीभोवती फिरला, शिट्टी वाजवली.

उस्ताद खाली बसला. हँडलच्या खाली, जिथे पुढचा भाग मुख्य सांगाड्याला जोडलेला असतो तिथे त्याने बोट ठेवलं. म्हणाला, चाक बदलता येईल, शॉकॲब्सॉर्बर बदलता येतील, टाकी ठोकून सरळ होईल; पण इथे चॅसी वाकलीय. तूबा थक्क होऊन बघत राहिली. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस किती सफाईनं बोलत होता.

साबेर मागे हटेना. इस्फहानला वाकलेली चॅसी सरळ करून देतात, त्याच्या मित्राची करून दिली होती, असं तो सांगत सुटला.

“देतात की,” उस्ताद म्हणाला. “वर रंगही मारून देतात. मग पहिल्या खड्ड्यात हँडल तुझ्या हातात आणि गाडी तुझ्या मागून येते.”

साबेरने टायरला लाथ मारली आणि इस्फहानचं नाव सोडलं. तूबाचा जीव भांड्यात पडला. पण अजून एक काम उरलं होतं, आणि ते तिचं तिलाच करायचं होतं. जुनी गेली तर आईने नवी देऊ करायला हवी. तेही एकदा नव्हे. पहिल्यांदा विचारणं म्हणजे रीत, दुसऱ्यांदा म्हणजे आग्रह. समोरच्याने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. तिच्या आईकडे असंच होतं, तिच्याकडेही असंच. तिसऱ्यांदा विचारलं नाही, तर मनात नव्हतं हे पोराला तिथल्या तिथे कळलं असतं.

“मागावरचा गालिचा उतरत आलाय,” ती म्हणाली. “नवी घेऊ.”

साबेर नको म्हणाला. तुझे डोळे आधीच अधू झालेत, म्हणाला.

डोळ्यांचं माझं मी बघेन, ती म्हणाली. तरण्या पोराने पायी हिंडायचं का? तो पुन्हा नको म्हणाला, पण या वेळी जरा हळू. आणि तिच्याकडे न बघता.

आता तिसरी वेळ. आता तो हो म्हणणार, रीतीप्रमाणे म्हणायलाच हवं.

“साबेर,” ती म्हणाली, “आईच्या गळ्याची शपथ. घे नवी.”

साबेर बराच वेळ मोडक्या दिव्याच्या वायरी बोटांभोवती गुंडाळत राहिला.

“नको, आई. कामावर न्यायला कारखान्याची बस चौकात येते. ती बरी.”

तो निघून गेला. वाटेत रोट्या घेतो म्हणाला. गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईतो तूबा बघत राहिली. किती शहाणं पोर, माझ्या डोळ्यांसाठी मन मारलं, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. ती उस्तादकडे वळली. तुमच्यासारख्याला खोटं बोलायला लावलं, म्हणाली, त्याचं सगळं पाप माझ्या माथी.

उस्ताद यदुल्ला चिंधीला हात पुसत होता.

“सगळं नाही, खानम. काल संध्याकाळी तो आला होता. हँडल धरायचं म्हटलं की हात कापतात म्हणाला, पण आईने डोळे जाळून दिलेली गाडी नको कशी म्हणू? चॅसी वाकलीय असं सांगा, हे त्यानंच मला शिकवलं.”