माणूस पाण्यात

‘मागच्या फाटकाशी बघ. कालव्याच्या बाजूला.’

आचाऱ्याने एवढंच लिहिलं होतं, पण ते फोनमधून हलेना. शेजारी बारकंसं घड्याळ दिसत होतं, म्हणजे निरोप अजून जहाजावरच. त्याच्या वर बायकोचा शेवटचा निरोप होता: ‘बाबा सकाळपासून सापडत नाहीत. कारखान्यावरही जाऊन आले. फाटकाला कुलूप, आसपास चिटपाखरू नाही. कुठे गेले असतील हो?’

बाबांना अलीकडे काल आणि आज यांतला फरक कळत नसे. काचेचा कारखाना बंद पडून वर्षं लोटली, तरी मनात आलं की ते कामावर निघत. बायको बिचारी पुढच्या फाटकाशी पाहून आली, कारण तिला तेच ठाऊक. पण पुढून साहेबलोक जायचे. कामगार मागून, कालव्याच्या काठाकाठाने. लहानपणी आचारी तिथेच बाबांचा डबा घेऊन उभा राहायचा. कालव्याला तेव्हाही कठडा नव्हता, आताही नसणार. हे आता जगात त्याला एकट्याला माहीत होतं, आणि तो भर समुद्रात बटाटे सोलत होता.

“नेट आत्ता नाही यायचं,” जहाजाचा वायरमन दारातून म्हणाला. “मघाशी दिशा बदलली ना, तेव्हापासून आपलं धुराडं बरोबर नेटच्या तबकडीच्या आडवं आलंय. उपग्रह तिकडे, तबकडी इकडे, मध्ये हा ठोंब्या. उद्या भूशिर ओलांडलं की येईल.”

“आणि कप्तानाचा फोन?”

“तोही त्याच तबकडीवर. सुना दोन, सासू एक.”

उद्या. बाबा काय उद्यापर्यंत काठावर शहाण्यासारखे उभे राहणार होते?

आचाऱ्याने हात पुसले, चहाचा कप घेतला आणि वर गेला. कप्तानाशी तो चहा-साखरेपलीकडे कधी बोलला नव्हता. कप्तान तसा माणूसघाणा. आपण हसलो तर जहाजाला भोक पडेल, अशा बेताने वागायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, पण नजर समुद्रावरून काढली नाही.

“जहाज म्हणजे काय टॅक्सी वाटली? घे इकडे, घे तिकडे?” तो म्हणाला. “कंपनी विचारेल, का वळवलं म्हणून. काय सांगू? आचाऱ्याचं नेट येत नव्हतं?”

“नाही, साहेब.”

“आणि साखर जास्त झालीय.”

आचारी खाली आला. बटाटा सोलता सोलता लिंबाएवढा झाला, तरी त्याच्या लक्षात आलं नाही. फोन समोर उभा करून ठेवला होता. घड्याळ जागच्या जागी.

तेवढ्यात भोंगा वाजला. “माणूस पाण्यात! माणूस पाण्यात! सराव आहे. सगळे डेकवर!”

“आत्ता?” वायरमन करवादला. “गेल्याच आठवड्यात झाला की! ऐन जेवणाच्या वेळी बरं सुचतं याला.”

आचाऱ्याने मनातल्या मनात कप्तानाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घरचा खरा माणूस हरवलाय आणि हा खोटा शोधायला लावतोय. पण सराव म्हणजे सराव. फोन खिशात कोंबून तो धावला.

पाण्यात टाकायचा माणूस म्हणजे जुन्या डगल्यात चिंध्या भरून, वर नारिंगी जाकीट चढवलेला बाहुला. खलाशी त्याला जावईबापू म्हणत, कारण सगळं जहाज त्याच्यामागे पळायचं आणि तो स्वतः काडी हलवायचा नाही. जावईबापू धप्पकन पाण्यात पडले. आचाऱ्याचं काम ठरलेलं होतं. कठड्याशी उभं राहून त्यांच्या दिशेने हात लांब करून धरायचा. हात खाली घ्यायचा नाही, नजर हलवायची नाही. समुद्रात माणूस क्षणभर नजरेआड झाला की गेलाच.

जहाज एका अंगावर कलत वळू लागलं. नारिंगी ठिपका लाटेवर यायचा, बुडायचा, पुन्हा यायचा. आचाऱ्याचा हात त्याच्यामागे. धुराड्याची सावली डेकवरून सरकत आली आणि त्याच्या पाठीवरून निघून गेली.

खिशात फोन थरथरला.

थांबून पुन्हा थरथरला. आचाऱ्याचा हात आपसूक खाली येऊ लागला.

“हात वर!” खलाशांचा मुकादम, सारंग, ओरडला. “माणूस घालवतोस का, आचारी?”

हात वर गेला. फोन मांडीशी थरथरत राहिला. त्यात काहीही असू शकत होतं. बाबा असू शकत होते, कालवा असू शकत होता. आचारी ठिपक्याकडे बघत राहिला. इतकं त्याने आयुष्यात कशाकडे बघितलं नव्हतं.

शेवटी जावईबापू हुकाला लागले आणि पाणी गाळत डेकवर येऊन पडले. आचाऱ्याने फोन काढला.

निरोप पोचला होता. खाली बायकोचं उत्तर: ‘मागे पण फाटक आहे?’ मग: ‘निघाले. शेजारचे भाऊ स्कूटर काढतायत.’ मग: ‘पोचले की कळवते. फोन बंद ठेवू नका.’

त्यापुढे काही नाही.

सारंगने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. “साहेब, माणूस वर घेतला. सराव पूर्ण. जहाज परत मार्गावर घ्यायला हरकत नाही.”

आचाऱ्याने धुराड्याकडे पाहिलं. मार्गावर म्हणजे पुन्हा त्याच्या आड.

वॉकीटॉकी खरखरला. “आचारी आहे का तिथे? त्याला विचार, वडील सापडले का.”

सारंगने बावचळून आचाऱ्याकडे पाहिलं. आचाऱ्याने मान हलवली.

“नाही म्हणतोय, साहेब.”

“मग सराव संपला कसा? जावईबापूंना पुन्हा पाण्यात सोडा.”