स्वस्त साबणाचा फेस

साबणाला फेस येत नव्हता. येत होते ते पाणचट बुडबुडे, आणि तेही म्हाताऱ्याच्या दाढीत शिरताच फुटून जात होते. रंगाऱ्याने ब्रश वाटीत आपटला.

"यापेक्षा भांडी घासायचा साबण बरा," तो म्हणाला.

"इथे हाच मिळतो," खिडकीजवळच्या खाटेवर बसलेला म्हातारा म्हणाला.

वृद्धाश्रमाचाच साबण तो. स्वस्तातला स्वस्त, त्यात फिनेलसारखा वास. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! खोलीत पाऊल टाकल्यापासून रंगाऱ्याला शिसारी येत होती. गादीला लघवीचा वास होता, खाटेखालच्या पिकदाणीकडे बघवत नव्हतं, आणि बापाच्या दाढीत सकाळचं दूध वाळून चिकटलं होतं. शेजारच्या खाटेवर आणखी एक जण डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला होता. तेवढं एक तोंड तरी बघावं लागत नव्हतं.

बाप घर सोडून गेला तेव्हा रंगारी, त्याचा एकुलता एक मुलगा, नुकता चालायला लागला होता. बापाचा चेहरा त्याला आठवायचं कारणच नव्हतं. आता आईने अंथरूण धरलं होतं. नवरा कुठे आहे आणि कसा जटाधारी झालाय हे कुणीतरी तिच्या कानावर घातल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, "त्यांना घरी आण. आणि दाढी करून आण, तो अवतार मला बघवणार नाही."

रंगाऱ्याने मनाशी ठरवलं होतं, दाढी होईपर्यंत बघू. नाहीच सोसलं तर 'ते यायला तयार नाहीत' असं आईला सांगून मोकळं व्हायचं.

इथल्या मावशींनी व्हरांड्यातूनच बोट दाखवलं होतं. "खिडकीजवळची खाट. आले तेव्हापासून तीच त्यांची." आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या.

दाढीची कात्रीने छाटणी झाली होती. अडलं होतं ते फेसावर. ओघळ म्हाताऱ्याच्या गळ्यावरून बनियनमध्ये उतरले, तेव्हा रंगाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पातळ रंग भिंतीवर असाच ओघळतो. पाणी जास्त होत होतं.

त्याने वडीवर गरम पाणी ओतलं, जरा मुरू दिलं आणि फेकून दिलं. ब्रश झटकून जवळजवळ कोरडा केला. मग तो मऊ पडलेल्या वडीवर ब्रश फिरवत राहिला. तोंडाचा पट्टाही सुटला.

"आई लोकांचे जिने पुसायची. मला मिसरूड फुटायच्या आधी मी भिंती रंगवायला लागलो. दाढी करायलासुद्धा शेजाऱ्याकडे बघून शिकलो. तुम्ही मेलात असंच सगळ्यांना सांगत आलो मी. किळस येते मला तुमची, कळलं?"

शेजारच्या पांघरुणाखाली खोकल्याची उबळ आली आणि दाबली गेली.

ब्रशवर दाट लगदा जमला होता. रंगाऱ्याने तो गालाला लावला, ब्रशची नुसती टोकं पाण्यात बुडवली, पुन्हा फिरवला. पुन्हा बुडवली. फेस हळूहळू फुगला आणि जागचा हलेना. त्या भिकार साबणाचं त्यालाच नवल वाटलं.

म्हाताऱ्याच्या डोळ्यातून पाणी आलं.

"चुकलं रे माझं," तो म्हणाला. "लेकरांना टाकून आलो. सुखाने नाही जगलो एक दिवस. माफ कर."

रंगाऱ्याने वस्तरा उचलला. वस्तरा धुवायच्या मगातलं पाणी करडं झालं, त्यावर केसांची साय धरली. तो वस्तरा फिरवत राहिला. बोटांखालची कातडी ढिली आणि कोमट होती. ती कापू नये म्हणून तो जपत होता, आणि आपण जपतोय याचा त्याला रागही येत होता.

शेवटी त्याने ओल्या फडक्याने तोंड पुसून दिलं.

"कपडे भरा," तो म्हणाला. "आई वाट बघतेय."

"खरंच नेशील मला?"

"नेतो म्हटलं ना."

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगंबाई, यांना गुळगुळीत केलंत! आणि तुमचे वडील तसेच?" त्यांनी शेजारच्या खाटेकडे मान वळवली. "ओ आजोबा, उठा. ऊन गेलं, घ्या आता तुमची खाट. रोज दुपारी यांना उन्हात बसवतात आणि स्वतः तिकडे गारठत पडतात."

पांघरूण हललं नाही.

"त्यालाच घरी ने," आतून आवाज आला. "माफी मागायला मला जमलं नसतं."