खांद्यावरचा हात

गावच्या हॉलमध्ये मी फोटो टांगत होतो. इंग्लंडमधल्या आमच्या गावात शेती घेऊन उन्हाळे काढणाऱ्या एका थोर अर्थशास्त्रज्ञाचे जुने फोटो, कमिटीच्या क्लेअरबाईंनी लंडनहून मागवलेले. एकात साहेब कापणी संपल्यावर मजुरांना दिलेल्या जेवणाला बसलेत. आजूबाजूची माणसं कुणीतरी फोटोतून केव्हाच कापून टाकलीत. साहेबांच्या खांद्यावर एक हात तेवढा राहिलाय, दोन बोटं तुटलेला.

"हा कुणाचा पंजा मध्येच? भूत बसल्यासारखं दिसतंय!" क्लेअरबाई म्हणाल्या.

"माझ्या बापाचा," मागून नव्वदीची विनीआजी म्हणाली. "बोटं मळणीयंत्रात गेली. त्या वर्षी कापणीचा म्होरक्या तोच होता. जेवणाच्या दिवशी म्होरक्यानं कुणाच्याही खांद्यावर हात टाकावा, मालकाच्यासुद्धा, अशी रीत होती. तो एकच दिवस."

"असेल हो आजी, पण बघायला कसंतरीच वाटतं." बाई माझ्याकडे वळल्या. "कॉम्प्युटरवर पुसून टाक तो हात. उद्या नवा फोटो लाव."

मी फोटो उतरवला. आजीनं काचेवर, त्या तुटक्या बोटांवर, आपली बोटं ठेवली.

"जरा थांब रे," ती म्हणाली. "बापाचा एवढाच फोटो आहे."